फाटकावरचा चेहरा

नव्या ड्रायव्हरनं खोकं घ्यायला हात पुढे केले, रुसानाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि खोकं राहिलं बाजूलाच, त्यानं डोक्यावरची लोकरी टोपी काढून हातात धरली. “देव क्षमा करो तुमच्या बहिणीला,” तो म्हणाला. “जुळ्या होतात का ताई तुम्ही?”

फेब्रुवारीतला रविवार होता. तुरीन शहरात नदीकाठच्या पटांगणावर रविवारी दुपारी बल्गेरियाला जाणाऱ्या छोट्या गाड्या येऊन उभ्या राहतात. म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या, जिने पुसणाऱ्या, भिंती रंगवणाऱ्या साऱ्यांना तेवढेच दोन-तीन तास सुट्टी असते. गावाकडे खोकी द्यायची, गावाकडून आलेल्या लोणच्याच्या बरण्या घ्यायच्या, जरा आपल्या भाषेत भांडायचं आणि परत जायचं. रुसाना वीस वर्षं इथं येत होती. जुना ड्रायव्हर गुडघे गेल्यामुळे घरी बसला होता. त्याच्या जागी हा लाचेझार आला होता, तिशीचा, गालावर दाढीचे खुंट. रुसाना म्हणाली, मला बहीण नाही. “मग चुलत-मावस असेल,” तो म्हणाला. “गोर्ना वर्बा गाव, मधली गल्ली, हिरवं फाटक. मागच्या खेपेला जुन्या ड्रायव्हरनं घेऊन ठेवलेलं तुमचं खोकं मीच समोरच्या आजींकडे टाकलं ना? त्या गावात पत्ता विचारायला माणूस मिळत नाही. आम्हा ड्रायव्हर लोकांना सांगतात, फाटकांवरचे चेहरे बघत जा. सायकलवाल्या म्हाताऱ्यापाशी डावीकडे वळा, दोन बायकांच्या पुढे तिसरं घर. म्हणून मी फोटोच काढून ठेवतो.” आणि त्यानं फोन तिच्यापुढे धरला. हिरव्या फाटकावर दुखवट्याचा कागद होता. काळी चौकट, वर क्रूस, खाली ‘दहा वर्षं तुझ्यावाचून’, त्याखाली तिच्या आईचं नाव, ग्रोझदाना. आणि मधोमध चेहरा होता तो रुसानाचा स्वतःचा. डोक्याला ठिपक्यांचा रुमाल, डाव्या भुवईवर चुलीच्या कडेनं लागलेल्याची खूण.

मागं उभी असलेली एक जाडजूड बाई ओरडली, “अहो, पुढे सरका की! रांग काय तुमच्या आजोबांची आहे?” लाचेझार म्हणाला, “जरा थांबा काकू, ह्यांच्या घरात मृत्यू झालाय.” “कुणाचा?” “ह्यांचाच,” तो म्हणाला, आणि आपण काय बोलून बसलो ते कळून त्याचे कान लाल झाले. ती बाई रुसानाकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, “मेलेल्यांनीसुद्धा रांगेतच उभं राहायचं असतं, बाई,” आणि चार-पाच जण हसले. रुसानाही हसली. तिनं खोकं दिलं. त्यात कॉफी होती, कवळी चिकटवायची पेस्ट होती, जाड मोज्यांचे दोन जोड होते, सगळं समोरच्या त्सोनामावशीसाठी. मग ती ट्रामच्या थांब्याकडे चालू लागली, आणि थांब्याशी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण अजून हसतोच आहोत, तोंड मिटायचं राहून गेलंय.

ट्राममध्ये खिडकीशी जागा मिळाली. काचेत तिचा चेहरा होता आणि त्याच्यातून दुकानं, झाडं, माणसं सरकत होती. ती काचेकडे पाहायचं टाळत होती. त्यांच्या मुलखात माणूस गेला की ‘देव क्षमा करो’ म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी फाटकावर कागद लागतो, मग चाळीस दिवसांनी, सहा महिन्यांनी, वर्षानं, आणि पुढे दर वर्षी. जुना ओरबाडून काढत नाहीत, त्यावरच नवा चिकटवतात. तिच्या लहानपणी गावात नऊशे माणसं होती आणि कागद दोन-चार दिसायचे. थांब्यावर उभं राहून लोक ते वाचायचे आणि मेलेल्याच्या खोड्या सांगून हसायचे. मग रस्त्याची कामं करायला पुरुष ग्रीसला गेले. तिचा नवरा त्यांच्यातच गेला आणि तिथलाच झाला. मग बायका इटलीला, स्पेनला गेल्या. पावाची गाडी रोज यायची ती आठवड्यातून तीनदा येऊ लागली, मग एकदा. शाळेच्या घंटेचा लोलक कुणी तरी भंगारात विकला. आणि कागद वाढत गेले. घरात माणूस नसला तरी फाटकावर कागद पाहिजे, कारण ज्या फाटकावर ताजा कागद नाही त्या घरातल्या मेलेल्याला कुणी उरलं नाही असा त्याचा अर्थ होतो. परदेशातली माणसं जिल्ह्याच्या गावी छापखान्याला फोन करायची, छापखान्यातली पोरगी कागद बसमधून पाठवायची, आणि त्सोनामावशी ते लावायची. व्हॅलेन्सियाचे, हॅम्बुर्गचे, शिकागोचे, सगळ्यांचे मेलेले तिच्या एका खळीच्या डब्यावर जगत होते. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, हातात चुना लावायचा ब्रश, काखेत कागदाची गुंडाळी. ऑगस्टमध्ये सुट्टीला गेलं की मावशी अभिमानानं दाखवायची, “बघ, एकही दार बोडकं नाही.”

खरंच नव्हतं. मधल्या गल्लीतून जाताना दोन्ही बाजूंनी चेहरे बघत असायचे. पावसानं निळे पडलेले, कोपरा सुटलेले, एकाच्या डोळ्यातून खालच्याचा कान डोकावणारे. रुसानाला त्यातले सगळे ओळखू यायचे. जिवंत माणसांपेक्षा तेच ओळखीचे होते, कारण जिवंत माणसं दरवर्षी बदलायची आणि ते बदलत नव्हते.

सिन्योरा अडेलेच्या घरी ती परत आली तेव्हा चार वाजत होते. सिन्योरा जाऊन तीन आठवडे झाले होते. रुसानानं सांभाळलेली ती तिसरी म्हातारी. सिन्योराची मुलगी पाओला चांगली होती, महिनाअखेरपर्यंत राहा म्हणाली होती. दुसरं घरही तिनंच शोधून दिलं होतं, एका वकिलाची विधवा, त्याच रस्त्यावर पुढे. पण तीन दिवसांपासून रुसानानं तिला उत्तर दिलं नव्हतं. कारण वीस वर्षं ती सगळ्यांना सांगत आली होती, ही म्हातारी गेली की मी घरी जाणार. पहिली गेली तेव्हा म्हणाली, छपराचं काम होऊ दे. दुसरी गेली तेव्हा म्हणाली, यावोरचं शिक्षण होऊ दे. यावोर तिचा मुलगा, आता जर्मनीत होता आणि त्याच्या पोराला आजी हा शब्द जर्मनमध्येच येत होता. छपराचं काम झालं होतं. आता मध्ये काही उरलं नव्हतं. कपाटावरून बॅग काढून ठेवली होती, उघडीच, आणि त्यात अजून फक्त एक टॉवेल होता.

ती स्वयंपाकघरात बसली आणि फोनमध्ये मागं मागं जात ऑक्टोबरपर्यंत गेली. छापखान्याच्या पोरीचा निरोप सापडला: काकू, फोटो पाठवा, आज गेला तर उद्याच्या बसला कागद निघतील. त्या दिवशी सिन्योरा बाथरूममध्ये बसून हाका मारत होती, रुसानाच्या हाताला साबण होता. फोनमध्ये नखाएवढाले चौकोन होते, शेकडो, आणि त्यात तिनं आईला शोधलं, रुमाल बांधलेली, ओठ घट्ट मिटलेली, कुणी फोटो काढतंय म्हणून रागावल्यासारखी. सापडली. करंगळीच्या कोरड्या टोकानं पाठवून दिली. तो फोटो पाओलानं काढलेला होता, ईस्टरच्या आधी रुसाना शेगडी घासत असताना. छपाईच्या आधी पोरीनं पूर्ण कागद दाखवायला पाठवला होता. तोही तिनं उघडला होता. आईच्या नावातली अक्षरं एकेक करून वाचली, कारण मागच्या वर्षी एक अक्षर चुकलं होतं, तारखा पाहिल्या, आणि लिहिलं: सगळं बरोबर आहे.

सगळं बरोबर आहे. ती ते तीन शब्द बघत बसली. चूक छापखान्याची नव्हती, मावशीची नव्हती. तिनंच आपल्या तोंडाकडे पाहिलं होतं आणि तिला आई दिसली होती. आणि दिसणारच. ती घर सोडून निघाली तेव्हा आई बासष्टची होती. बसच्या थांब्यावर आईनं तिच्या पिशवीत उकडलेली अंडी कोंबली, एक अंडं खाली पडून फुटलं, आई वाकून ते उचलायला लागली, आणि बस सुटली, म्हणून निरोपाच्या वेळचा आईचा चेहरा तिनं पाहिलाच नव्हता, पाठ तेवढी पाहिली होती. त्यानंतर दहा वर्षं आई जगली, पण एका ऑगस्टाआड पंधरा दिवस, त्यात पाहुणे, छप्पर, सरकारी कागद. म्हातारी झालेली आई रुसानाच्या डोळ्यांत कधी बसलीच नाही. डोळ्यांत होती ती बासष्टची. आणि आता रुसाना बासष्टची होती. आई वारली तेव्हा सिन्योरांपैकी दुसरी आजारी होती, बदली बाई मिळायला दोन दिवस गेले, ती पोचली चौथ्या दिवशी. बसमधून उतरली तर आई थांब्यावर उभी. काळ्या चौकटीत. आपल्याला न्यायला आलीय असं क्षणभर वाटलं होतं, अगदी क्षणभर, आणि त्या क्षणाची लाज तिला अजून वाटत होती. आईला न्हाऊ घातलं त्सोनामावशीनं. रडून म्हणायचं असतं तेही मावशीनंच म्हटलं, लेकीच्या वतीनं: माये, रुसाना वाटेत आहे, जरा थांब, बूट काढतेय, हात धुतेय, आलीच. सगळी दफनभूमी रडली, असं नंतर लोकांनी सांगितलं. तेव्हा गावात रडायला चाळीस माणसं होती.

तिनं मावशीला फोन लावला. खूप वेळ वाजला. मावशीचा फोन खिडकीत असतो, खिडकीपर्यंत यायला तिला वेळ लागतो.

“मावशी, मी रुसाना.”

“कोण?”

“रुसाना ग. ग्रोझदानाची.”

“मोठ्यानं बोल. पुरल्यासारखी काय बोलतेस?”

“मावशी, आमच्या फाटकावरचा कागद बघितलास तू?”

“मीच लावलाय, बघणार नाही तर काय. तीनदा खळ शिजवली. ह्या वर्षीचं पीठ चिकटतच नाही मेलं.”

“त्यावरचा फोटो माझा आहे.”

“ठाऊक आहे मला.”

रुसाना उभी राहिली. “ठाऊक आहे? मग लावलास कशाला?”

“वीस कागद छापून आलेले. दुसऱ्या दिवशी दहा वर्षं पुरी व्हायची. तुझ्या आईचं दार त्या दिवशी बोडकं ठेवू? आणि नाव तर तिचंच आहे की. आधी मला वाटलं, माझेच डोळे गेले. मग गेंचोला दाखवला.” गेंचो म्हणजे खालच्या गल्लीतला शेळ्या राखणारा, जवळजवळ बहिरा. “त्यानं बघितलं, टोपी काढली, आणि गेला शेळ्या घेऊन.”

“अग, मला फोन तरी करायचा!”

“काय सांगू फोनवर? रुसे, तू मेलीस बरं का?” मावशी हसली, हसता हसता खोकली, आणि खोकला बराच वेळ चालला. रुसाना फोन कानाशी धरून ऐकत राहिली. मागं कोंबड्यांचा आवाज येत होता.

“फाड तो मावशी. आजच फाड. चार महिने माझा चेहरा तिथं लटकतोय, आणि कुणी काही बोललं नाही?”

“कुणी म्हणजे कोण? मी, गेंचो, आणि ती वेला आपल्या नवऱ्याला घेऊन हिवाळ्यापुरती लेकीकडे गेली, ती काही परत येत नाही बघ. आणि निघत नाही ग तो. खाली दहा वर्षांचे थर आहेत. ओढला तर फाटकाचा रंग येतो हातात.” मग मावशीचा आवाज जरा खाली आला. “आणि खरं सांगू? नाही काढायचा मला. सकाळी उठून कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर येते, तर समोर तू असतेस. उठलीस का ग रुसे, म्हणते. काल बर्फ पडला ते तुला सांगितलं. तू आलीस तर ऑगस्टात येतेस, घाईत असतेस, पुसत असतेस, धूत असतेस. ही घाईत नाही. वीस वर्षांनी तोंड तरी आलं तुझं.”

रुसाना परत खुर्चीवर बसली. सिन्योराच्या भिंतीवरचं घड्याळ टकटक करत होतं. तीन आठवड्यांत त्याला चावी कुणी दिली हे तिला आठवेना. तिनंच दिली असणार.

“माझाही छापून आणून ठेवलाय,” मावशी म्हणाली. “मेजाच्या खणात, मेणकापडाखाली. फोटो चांगला आहे, पंचावन्न वर्षांची असतानाचा, दात माझेच आहेत त्यात. तारीख तेवढी मोकळी. आख्ख्या गावाचे मी लावले, माझा कोण लावणार? गेंचोला वाचता येत नाही, उलटा लावील आणि मी गल्लीत डोक्यावर उभी. तू लाव.”

“लावीन मावशी.”

“लावीन म्हणजे येणार आहेस?”

“येणार आहे. वसंतात येते. कोकरू कापायच्या सणापर्यंत.”

“कुठल्या वसंतात?”

मावशीनं टोमणा मारला नव्हता. बस किती वाजता येते असं विचारावं तसं विचारलं होतं. आणि रुसानानं तोंड उघडलं, आणि त्या हिरव्या फाटकातून आत जाणारी स्वतः तिला दिसेना. फाटक दिसलं, त्यावरचा कागद दिसला, अंगणातला वाळलेला द्राक्षमांडव दिसला, पण आत जाणारं कुणी नाही. ती आत जाऊन करील काय? पहाटे सहाला उठेल आणि कुणाला गोळ्या देईल? कुणाची कूस बदलेल? दुपारी कुणाशी भांडेल? नदीकाठच्या पटांगणात भांडताना जी भाषा तिच्या तोंडात होती तीसुद्धा आता गावात बोलायला कुणी नव्हतं, पटांगणातच होती ती. गाव कधीचं निघून इथं आलं होतं, रविवारी दोन-तीन तासांपुरतं. आणि तिथं गावात मावशीच्या अंगणासमोर जागा होती तेवढी, एक हात रुंद, ती कागदानं भरली होती. कागद मावशीचं ऐकत होता. तिच्यापेक्षा बरं ऐकत होता.

“ऐकतेस ना?” मावशी म्हणाली.

“हो.”

“बरं. ठेव आता. कोंबड्या बाहेर आहेत.” आणि फोन बंद झाला. मावशीनं निरोपाचं काही म्हटलं नाही. ती कधी तरी ‘देव तुला तिथं बरी ठेवो’ असं म्हणायला विसरली होती का, हे रुसाना आठवू लागली, आणि तिला तसा एकही रविवार आठवला नाही.

त्याच बैठकीत तिनं पाओलाला लिहिलं: त्या घरी सांगा, पुढच्या रविवारी पाच वाजता येते. मग बॅगेतला टॉवेल काढला, झटकला, आणि परत घडी करून ठेवला, त्याच बॅगेत, कारण बॅग न्यायची होतीच, रस्त्याच्या पुढच्या टोकापर्यंत. त्या आठवड्यात तिनं सिन्योराचं घर घासून काढलं. आरसे पुसताना नुसते पुसले. बुधवारी एकदा मावशीला फोन लावावा असं वाटलं, पण बुधवारी ती कधी फोन करत नसे, मावशीला वाटलं असतं काही तरी झालंय. आणि विचारलं असतं, काय झालं?

रविवारी ती बॅग घेऊनच पटांगणात गेली, आणि मागं तीच जाडजूड बाई होती, तिला मावशीशी गेल्या रविवारी झालेलं बोलणं सांगत रांगेत पुढे सरकली. लाचेझार गाडीच्या मागच्या दाराशी उभा होता. तिला पाहून त्यानं पुन्हा टोपी काढली आणि आतून खोकं काढून तिच्या हातात दिलं. तेच खोकं, तिच्याच हातची दोरी, तिचीच गाठ. “आजी गेल्या ताई,” तो म्हणाला. “देव क्षमा करो. मी शुक्रवारी पोचलो, तर गुरुवारी पुरून झालं होतं. धुराड्यातून धूर दिसेना म्हणून तो शेळ्यावाला बुधवारी आत शिरला. जिल्ह्याहून गाडी आली, दोन माणसं आली. बर्फामुळे पाद्री काही येऊ शकला नाही.”

“न्हाऊ कुणी घातलं?”

“ते काही ठाऊक नाही मला.”

कुणी रडलं का, हे तिनं विचारलं नाही. खोकं तिनं छातीशी धरलं, जड नव्हतं. मागं रांग वाढत होती. ती म्हणाली, “तिच्या मेजाच्या खणात, मेणकापडाखाली कागद आहेत तिचे. किल्ली गेंचोकडे असेल. एक लावशील?”

“लावीन की. कुठं लावू? थांब्यावर लावू, दुकानाच्या दारावर लावू, खांबावर?”

तिनं थांबा डोळ्यांसमोर आणला, मग दुकान, मग खांब. आणि प्रत्येक ठिकाणी थांबून वाचणारं कोण, ते शोधलं. गेंचो, ज्याला वाचता येत नाही. आणि हा पोरगा, महिन्यातून दोनदा, वळायचं कुठं ते बघायला. “तिच्याच फाटकावर लाव,” ती म्हणाली. “बाहेरच्या बाजूनं. समोर तोंड करून.”

“म्हणजे तुमच्या फाटकाकडे?”

“हो.”

तो जरा घुटमळला. “आणि तुमचा तो काढू का ताई? माझ्याकडे खरवडायची पट्टी असते. ओला करून हळूहळू काढला तर निघेल.”

“नको. राहू दे. तिच्यासमोर कुणी तरी पाहिजे.”

“हं,” लाचेझार म्हणाला. मग त्यानं खिशातून पेन काढलं आणि तळहात उघडला. “तारीख सांगा, नाहीतर विसरेन. शेळ्यावाला म्हणतो सोमवार असेल, मंगळवार असेल, त्याला धड आठवत नाही.”

“रविवार घाल,” रुसाना म्हणाली.

“रविवारी तर तुम्ही त्यांच्याशी फोनवर बोललात ना? आत्ता रांगेत त्या काकूंना सांगत होतात.”

“बोलले. म्हणूनच.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग तळहातावर लिहिलं. मागची जाडजूड बाई ह्या वेळी वाट द्यायला एक पाऊल बाजूला सरकली. रुसाना एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात खोकं घेऊन ट्राममध्ये चढली. जागा असूनही उभीच राहिली. पाचला दोन मिनिटं असताना तिनं नव्या घराची घंटा वाजवली. दार उघडायला वकिलाची सून आली, तिनं खोक्याकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं, आणि हसून विचारलं, “गावाहून काही आलं वाटतं?”

“हो,” रुसाना म्हणाली, आणि पायपुसण्यावर बूट नीट घासून आत गेली.